कॉम्प्युटर भंगारात घाला, पण आतला हिशोब आधी काढून घ्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत जुन्या कॉम्प्युटरचं काय करायचं ते आलं होतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाला, आता जुनी मशीनं घरात कशाला ठेवताय, द्या भंगारात नि नवीन घ्या, असा एकूण सूर. मशीनबद्दल माझं काही म्हणणं नाही, आमच्या खाऱ्या वाऱ्यात तसाही कुठला डबा टिकतो, टीव्हीचे मागचे स्क्रूसुद्धा चार वर्षांत गंजतात. पण आत जे साठलेलं असतं ते आधी बाहेर काढून घ्या, आणि ते ज्या जुन्या प्रोग्रॅममध्ये आहे तो प्रोग्रॅमही उचलून घ्या, नवीन मशीनवर तो चालवता येतो, हे त्या अख्ख्या पानात एका ओळीनंही नव्हतं. म्हणून लिहायला बसले. लांबलं तर कापा, पण प्रिंटरचा भाग कापू नका, त्यात माझे नऊ दिवस गेलेत.

वेंगुर्ला तालुक्यात आमचा लहानसा काजूचा कारखाना आहे. बी साठवून ठेवतो त्यामुळे बारा महिने चालतो. वाफवायचं, फोडायचं, भट्टीत सुकवायचं, सोलायचं, मग प्रतवारी. कामाला सगळ्या आजूबाजूच्या वाडीतल्या बाया, आणि मजुरी किलोवर. रोज संध्याकाळी प्रत्येकीचं वजन होतं, अख्खा गर वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा, आणि प्रत्येकाचा दर वेगळा. हा हिशोब वहीत करायचा म्हणजे काय असतं ते लग्न होऊन आल्यावर पहिल्याच वर्षी कळलं. शनिवारी पगार, आणि शुक्रवारी रात्री सासरे, आमचे हे आणि मी तिघं तीन वह्या घेऊन बसायचो आणि तिघांची बेरीज तीन प्रकारची यायची.

१९९५ साली ४८६ घेतला, म्हणजे त्या वेळचा कॉम्प्युटर. चार एमबी रॅम, पंख्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा. कुडाळचा एक मुलगा होता, नुकताच कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेला, त्यानं डॉसवरच्या फॉक्सप्रोमध्ये आम्हाला प्रोग्रॅम करून दिला. डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची, नुसत्या अक्षरांवर चालणारी सिस्टिम, आणि फॉक्सप्रो म्हणजे तिच्यावर नोंदी-हिशोबाचे प्रोग्रॅम करायचं साधन. दीड महिना आमच्या पडवीत बसून. निळा स्क्रीन, पिवळी अक्षरं, एक ते नऊ आकडे आणि त्यापुढे कामं. बाईचा नंबर, एंटर, प्रत, एंटर, वजन, एंटर. माऊस नाही, चित्रं नाहीत. आजही मी स्क्रीनकडे न बघता पंचवीस बायांची नोंद दहा मिनिटांत करते, आणि माझी सून बँकेच्या अॅपवर एक बिल भरायला त्याहून जास्त वेळ लावते, असो. कीबोर्डचं एंटरचं बटण काळं झालेलं होतं, कारण कधी मी नसले तर बायाच येऊन आपला नंबर दाबायच्या आणि काजूचा चीक काही साबणानं जात नाही.

मशीनं बदलली, प्रोग्रॅम तोच. ४८६ गेला, मग विंडोज ९८ वाला आला, मग एक्सपी, मग विंडोज ७. प्रत्येक वेळी फोल्डर कॉपी केला की चालू. मला वाटायचं हे असंच चालत राहणार. ते का चालत होतं हे कळलं ते बंद पडल्यावर.

२०२४ चा जून. पाऊस नुकता सुरू होत होता, मागच्या माडावर वीज पडली. माड उभाच्या उभा जळाला, आणि कॉम्प्युटरमधून वास आला. मदरबोर्ड गेला.

आता एरवी मी म्हटलं असतं जाऊदे, दोन आठवडे वहीत लिहू. पण आमच्याकडची एक मावशी, सोलाईतली सगळ्यात जुनी, ३१ मे ला काम सोडून घरी बसलेली. गुडघे गेले तिचे. तिची ग्रॅच्युइटी द्यायची होती, आणि कायद्यानं ती तीस दिवसांत द्यावी लागते. तेव्हा १९७२ चा ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होता, त्यात दर वर्षाच्या नोकरीला पंधरा दिवसांची मजुरी, आणि किलोवर काम करणाऱ्यांना शेवटच्या तीन महिन्यांच्या मजुरीची सरासरी काढून तो रोज धरायचा. शिवाय त्या त्या वर्षी २४० दिवस भरलेत की नाही ते बघायचं. आणि शेवटचं अर्धवट वर्ष सहा महिन्यांच्या वर गेलं तर पूर्ण वर्ष धरायचं. म्हणजे ती नेमकी कुठल्या तारखेला लागली, ह्याला पैशाची किंमत आहे.

आमचे हे म्हणाले ती ९८ ला लागली, कोकण रेल्वे सुरू झाली त्याच वर्षी. मावशी म्हणाली नाही, त्याच्या आधी, शिमग्याला. म्हणजे ९७ चा मार्च. आणि जुने कागदी मस्टर? मे २०२१ च्या तौक्ते वादळात गोदामाचे पत्रे उडाले तेव्हा सगळ्याचा लगदा झाला, वाळवीनं आधी खाल्लं होतं ते वेगळंच. म्हणजे खरी तारीख एकाच ठिकाणी, त्या जळक्या डब्यात.

मावशी चौकशीला आली, मशीन उघडं पडलेलं बघितलं आणि म्हणाली, “कॉम्प्युटर मेलो म्हणान माजी वर्सां पण मेली काय गो वयनी?”

मला काय उत्तर द्यायचं सुचेना.

नवीन लॅपटॉप आणला, विंडोज ११. दुकानदारानं जुनी हार्डडिस्क बाहेर काढून एका केबलनं जोडून दिली, डिस्क शाबूत होती हे नशीब. आमचा सगळा फोल्डर अकरा एमबी. एकोणतीस वर्षांचा कारखाना, शंभरावर बाया येऊन गेल्या, आणि सगळं मिळून मोबाईलच्या तीन फोटोंएवढं. कॉपी केलं, प्रोग्रॅमवर डबल क्लिक केलं, तर हे अॅप तुमच्या पीसीवर चालणार नाही असा निरोप. दुकानदार म्हणाला, काकी, डॉसचं आता जगात कुठे काही चालत नाही, नवीन सॉफ्टवेअर घ्या, चोवीस हजार आणि पुढे दरवर्षी रिन्युअल. मग जुनं सगळं? तर म्हणे बघून बघून एक्सेलमध्ये टाइप करून घ्या. जे उघडतच नाही ते बघून बघून कसं टाइप करायचं हे मी विचारलं तेव्हा त्याला दुसरं गिऱ्हाईक आलं.

दुकानाचं नाव लिहीत नाही, त्याला खरंच माहीत नव्हतं. पण तेच उत्तर मला तीन ठिकाणी मिळालं म्हणून सांगते.

शेवटी कामाला आली शेजारची पोर. मालवणला डिप्लोमाला आहे, पावसाळ्याच्या सुट्टीत घरी होती. तिनं आधी मला हे का चालत नाही ते समजावलं आणि मला ते आवडलं, कारण दुकानात कोणी कारण सांगतच नव्हतं. आमचा प्रोग्रॅम १६ बिटचा, म्हणजे जुन्या, छोट्या मापाच्या प्रोसेसरसाठी लिहिलेला. आजवरची आमची विंडोज सगळी ३२ बिटची होती आणि तिच्या पोटात डॉससाठी एक छोटी खोली ठेवलेली असायची, प्रोसेसरही तसली खोली करून द्यायचा. ६४ बिटमध्ये चालताना प्रोसेसर ती सोय देत नाही, म्हणून ६४ बिटच्या विंडोजमध्ये ती खोलीच नाही, आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच येतं. म्हणजे आपला प्रोग्रॅम बिघडलेला नाही काकू, त्याला राहायला घर नाही, एवढंच. मग म्हटलं घर बांध.

पहिल्यांदा तिनं डॉसबॉक्स टाकलं, विंडोजमध्ये डॉसचे प्रोग्रॅम चालवणारं. फुकट मिळतं, २००२ पासून आहे. दहा मिनिटांत निळा स्क्रीन, पिवळी अक्षरं, मी अक्षरशः खुर्चीतून उठले. पण ती पोर शहाणी, म्हणाली थांबा, हे मुळात जुने गेम खेळायला केलेलं आहे, बनवणारेच सांगतात की पैशाचे हिशोब याच्या भरवशावर ठेवू नका, आणि साध्या डॉसबॉक्समध्ये प्रिंटरच नाही. त्यातूनच निघालेलं डॉसबॉक्स एक्स म्हणून आहे त्यात प्रिंटरची सोय आहे, आणि नुसत्या अक्षरी धंद्याच्या प्रोग्रॅमसाठी व्हीडॉस म्हणून एक आहे, ज्याला कमी खटपटीत काम हवंय त्यानं तिथूनच सुरुवात करावी असं मी आज म्हणेन. पण आम्ही गेलो व्हर्च्युअलबॉक्सकडे, कारण तिला अख्खं मशीन हवं होतं.

ह्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. लॅपटॉपच्या आत एक खोटा कॉम्प्युटर. खोटा म्हणजे त्याला स्वतःची मेमरी, स्वतःची हार्डडिस्क, आणि आतल्या प्रोग्रॅमला वाटतं आपण खऱ्याच मशीनवर आहोत. आम्ही त्याला बत्तीस एमबी मेमरी दिली, जुन्या ४८६ च्या आठपट, आणि लॅपटॉपला त्याचा पत्ताही लागला नाही. डिस्क पाचशे एमबी. जुन्या डॉसला दोन जीबीपेक्षा मोठा भाग एकत्र दिसतही नाही, तेव्हा उगाच मोठी करू नका. आधी मात्र ते सुरूच होईना. लॅपटॉपच्या बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानात, जाऊन व्हर्च्युअलायझेशन नावाची एक सेटिंग चालू करावी लागते, ती आमच्यात बंद होती. ज्यांचं इथेच अडेल त्यांनी हे पहिलं बघा.

आत डॉस कुठलं घालायचं? मायक्रोसॉफ्टचं ६.२२ आमच्याकडे फ्लॉपीवर होतं आणि त्या फ्लॉपीवर बुरशी होती. तर फ्रीडॉस नावाचं आहे, कायदेशीर फुकट. मायक्रोसॉफ्ट डॉस बंद करणार असं दिसल्यावर अमेरिकेत जिम हॉल नावाच्या फिजिक्स शिकणाऱ्या पोरानं १९९४ मध्ये ते सुरू केलं, आणि अजून लोक त्यावर काम करतायत, १.४ ही आवृत्ती २०२५ च्या एप्रिलमध्ये आली. आम्ही तेव्हा १.३ टाकली. म्हणजे आम्ही ४८६ घ्यायच्या आधीच तिकडे एकजण डॉस जगवायच्या मागे लागला होता, आणि इकडे आम्हाला ते तीस वर्षांनी उपयोगी पडलं.

सुरू झालं तेव्हा खिडकीच्या खाली कोपऱ्यात एक हिरवं कासव दिसायला लागलं. मला वाटलं कंपनीची सजावट. तर तो इशारा असतो, की विंडोजनं स्वतःचं हायपर-व्ही, म्हणजे असली खोटी मशीनं चालवायची त्याची स्वतःची सोय, आधीच चालू ठेवलंय त्यामुळे हे मशीन हळू चालेल. आमच्या वायंगणीला खरी कासवं अंडी घालायला येतात, त्यामुळे आम्हाला कासवाचं वाईट वाटत नाही. १९९५ च्या प्रोग्रॅमला तो वेग रग्गड आहे, ते कासव अजून तिथेच आहे.

दुसरी गंमत पंख्याची. मी काही करत नसले तरी लॅपटॉपचा पंखा भर्र करून फिरत राही. कारण डॉसला विश्रांती माहीतच नाही, बटण दाबलं का, दाबलं का, असं ते प्रोसेसरला अखंड विचारत बसतं. फ्रीडॉसमध्ये एफडीएपीएम नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आहे, सुरू होतानाच्या फाईलमध्ये त्याची एक ओळ घातली की पंखा गप्प.

फोल्डर आत न्यायचा म्हणजे पण एक उद्योग. विंडोज आत टाकलं असतं तर बाहेरचा फोल्डर आत दिसायची सोय व्हर्च्युअलबॉक्स देतं, डॉससाठी ती सोय नाही. मग पोरीनं फोल्डरची सीडीची फाईल केली, आयएसओ, आणि ती खोट्या मशीनच्या खोट्या सीडी ड्राइव्हमध्ये घातली, आतून कॉपी केली. आणि डिस्क व्हीएचडी प्रकारची केली, म्हणजे मशीन बंद असताना विंडोजमधून ती डिस्क सरळ जोडून आतल्या फाईली बाहेर घेता येतात. मशीन चालू असताना मात्र जोडायची नाही, हे मी कागदावर लिहून लॅपटॉपवर चिकटवलंय.

जूनच्या सतराव्या तारखेला मेनू उघडला. पाच नंबर, कामगार माहिती. मावशीचा नंबर मला पाठ, चौदा. एंटर.

कामावर लागल्याची तारीख ०४/११/९६.

ना ह्यांची बरोबर ना मावशीची. मला मग आठवलं, त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर डबे भरायला माणसं कमी पडली होती, तेव्हा ती पहिल्यांदा आली आणि राहिली. ४ नोव्हेंबर ९६ ते ३१ मे २०२४, सत्तावीस वर्षं आणि सहा महिन्यांच्या वर काही दिवस. म्हणजे अठ्ठावीस. मावशीच्या शिमग्यानं सत्तावीस झाली असती, ह्यांच्या रेल्वेनं सव्वीस. वर्षावर्षाचे भरलेले दिवस पण त्यातच, दर वर्षी २४० च्या वर. तीन महिन्यांची सरासरी ३१० रुपये रोज निघाली. ३१० गुणिले १५ गुणिले २८, एक लाख तीस हजार दोनशे. मी तिला स्क्रीन दाखवला, तिला इंग्रजी वाचता येत नाही पण चौदा नंबर ओळखता येतो, त्यावर बोट ठेवून म्हणाली, “गावला गो बाय माजा.” बोट काळंच होतं अजून.

एक सांगायचं राहिलं. फॉक्सप्रो ज्यात नोंदी साठवतो त्या डीबीएफ फाईली लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे फुकट मिळणाऱ्या एक्सेलसारख्या सॉफ्टवेअरमध्ये, नुसत्याही उघडतात, आमचा प्रोग्रॅम नको. नुसता आकडा हवा असेल तर तेवढंच पुष्कळ. आम्ही खात्री करायला उघडल्या तर कळलं की आमच्या सहा बाया १९०३ साली कामाला लागल्यात. फाईलमध्ये साल चार आकड्यांत असतं पण स्क्रीनवर आम्ही दोनच आकडे टाकायचो, आणि ०३ टाकलं की फॉक्सप्रो त्याला १९०३ समजायचा. कुडाळचा मुलगा डिसेंबर ९९ मध्ये येऊन दोन दिवस काहीतरी करून गेला होता, पगाराच्या तारखा नीट केल्या आणि ही एक जागा राहिली. त्या सहाजणींची ग्रॅच्युइटी ह्या हिशोबानं काढली तर कारखाना विकावा लागेल.

आता प्रिंटर. बायांना पगाराची चिठ्ठी लागते आणि ती डॉट मॅट्रिक्सवरच, लांब कागदावर, कार्बनची दुसरी प्रत आमच्याकडे. कोणी म्हणेल लेझर घ्या. लेझरवर कार्बन निघत नाही, आणि आमच्या दमट हवेत पावसाळ्यात त्यात कागद अडकतो. जुन्या प्रिंटरला ती रुंद पंचवीस टाचण्यांची पॅरलल केबल, लॅपटॉपला तसलं भोकच नाही. यूएसबीची एक केबल मिळते, तिच्यात साडेचारशे घालवले, तर ती विंडोजला प्रिंटर म्हणून दिसते पण डॉसला हवा असतो एलपीटी वन, म्हणजे ते जुनं प्रिंटरचं भोक, तो ती केबल देत नाही. आठवडाभर चिठ्ठ्या हातानं लिहिल्या.

मग पोरीनं उलटा विचार केला. खोट्या मशीनला एक खोटा सीरियल पोर्ट, म्हणजे माहिती बाहेर पाठवायचं दुसरं एक जुनं भोक, द्यायचा आणि त्याचं दुसरं टोक लॅपटॉपवरच्या एका फाईलीत सोडायचं, व्हर्च्युअलबॉक्समध्ये ही सोय आहे. आत डॉसला मोड कमांडनं सांगायचं की एलपीटी वनला जे जाईल ते कॉम वनला, म्हणजे त्या सीरियलला, पाठव. म्हणजे प्रोग्रॅमला वाटतं आपण प्रिंटरला पाठवलं, ते जातं सीरियलला, आणि पडतं फाईलीत, जसंच्या तसं, बारीक अक्षरं करायचा जो पंधरा नंबरचा कोड कुडाळच्या मुलानं घातला होता त्याच्यासकट. यूएसबी असलेला नवा डॉट मॅट्रिक्स घेतला, तो नेटवर्कवर शेअर केला आणि ती फाईल कॉपी कमांडनं, मधे स्लॅश बी घालून, सरळ त्याच्या नावावर पाठवली. स्लॅश बी विसरू नका, फाईल आहे तशी जावी म्हणून ते. चर्र चर्र करून पहिली चिठ्ठी बाहेर आली तेव्हा बाहेर कटिंगवाल्या बायांचे हात थांबले. एकजण ओरडली, “आवाज इलो!” तीन आठवडे तो आवाज कारखान्यात नव्हता ना.

सगळ्यांचं असंच होईल असं मी म्हणत नाही. आमच्या ओळखीतल्या एका सोसायटीचा डेटा मराठीत आहे. त्या काळी पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड मिळायचं, ते कॉम्प्युटरच्या आत बसवलं की डॉसमध्ये देवनागरी दिसायची, तेव्हा किती भारी वाटायचं ते. आता खोट्या मशीनमध्ये ते कार्ड कुठून आणणार? प्रोग्रॅम उघडला पण सभासदांच्या नावांच्या जागी डोक्यावर टिंबं नि टोप्या घातलेली परदेशी अक्षरं. डेटा गेलेला नाही, तो इस्की नावाच्या जुन्या पद्धतीत आहे, तो युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या पद्धतीत, बदलून घ्यावा लागतो आणि त्याला माहितगार माणूस लागतो. दुसऱ्या एकांचा प्रोग्रॅम टर्बो पास्कल ह्या जुन्या भाषेतला, तो सुरू होतानाच रनटाइम एरर २०० म्हणून पडतो, कारण मशीन किती वेगवान आहे ते मोजायला त्यात एक भागाकार आहे आणि आजच्या वेगाला त्याचं उत्तर त्या जागेत मावतच नाही. त्याला दुरुस्तीचं पॅच मिळतं, तो प्रोग्रॅम आज चालतोय. आणि ज्यांच्या प्रोग्रॅमला प्रिंटरच्या पोर्टमध्ये खोचायचं कुलूप होतं, डाँगल म्हणायचे, त्यांचं अवघड आहे.

पण तारखेची भीती नको. डॉसच्या फाईलींवरच्या तारखेत २१०७ पर्यंतची साल बसतात. तोपर्यंत इथे काजू उरले तर बघू.

माझं तुम्हाला मागणं एवढंच, की पुढच्या वेळी भंगाराबद्दल छापाल तेव्हा पहिल्या ओळीत डिस्क काढून घ्या हे छापा. आपल्या पट्ट्यात पतपेढ्या आहेत, मच्छिमार सोसायट्या आहेत, आंब्याच्या बागायतदारांचे पेट्यांचे हिशोब आहेत, वाचनालयांच्या सभासदांच्या याद्या आहेत, ९० च्या दशकात ज्यानं त्यानं गावातल्याच पोराकडून असले प्रोग्रॅम करून घेतले. ते डबे कपाटाच्या वर किंवा जिन्याखाली पडलेत. दर पावसाळ्याला त्यातल्या दोनचार डिस्क मरतात. मे महिना संपायच्या आत काढा. फोल्डर कॉपी व्हायला पाच मिनिटं लागतात, चालवायचं कसं ते नंतर निवांत बघा. आमचं अख्खं मशीनच आता एक फाईल आहे, दर शनिवारी पगार झाला की पेन ड्राइव्हवर कॉपी, एक माझ्याकडे, एक सुनेकडे, एक पुण्याला दिराकडे. वीज पडायचीच असेल तर तिला आता तीन ठिकाणी पडावं लागेल. हां, एक काळजी, आत डॉस असलं तरी बाहेर विंडोजच आहे, तेव्हा व्हायरसबियरसचं नेहमीचं पथ्य पाळायचंच.

आणि शेवटी एक निरोप, जमलं तर हा तरी छापा. आमच्या प्रोग्रॅमची महिन्याची एकूण बेरीज ९९९९९.९९ च्या वर गेली की आकड्याऐवजी नुसत्या फुल्या येतात. ९५ साली महिन्याची मजुरी लाखावर जाईल असं कोणाच्या डोक्यातही नव्हतं, त्यानं जागाच तेवढी ठेवली. गेली बारा वर्षं त्या फुल्यांच्या खाली मी कॅल्क्युलेटरनं बेरीज करून पेननं लिहिते. फुल्या घालवायच्या तर त्यानं प्रोग्रॅम ज्यात लिहिला त्या मूळ पीआरजी फाईली लागतात आणि आमच्याकडे फक्त तयार केलेला प्रोग्रॅम आहे. कुडाळचा तो मुलगा पुढे मुंबईला गेला, आता पन्नाशीचा असेल. बाबा, तू पडवीत बसायचास आणि सासूबाई तुला फणसाची साठं द्यायच्या, तुला आठवत असेल. हे वाचनात आलं आणि तुझ्याकडे जुन्या फ्लॉप्या कुठे असतील तर फेकू नकोस, कारखान्याचा नंबर तोच आहे. फ्लॉपी ड्राइव्ह मी शोधून आणून ठेवलाय, यूएसबीचा, चालतो.

आपली,
एक वाचक
ता. वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग